हरि नारायण आपटे : चरित्र आणि पात्रांचे मनोदर्शन

मराठी कादंबरीच्या इतिहासात हरि नारायण आपटे (१८६४-१९१९) यांचे स्थान निश्चित करताना सामान्यतः दोन गोष्टींचा उल्लेख केला जातो. एक, त्यांनी अद्भुतरम्यतेच्या आहारी गेलेल्या कादंबरीला वास्तवाच्या भूमीवर आणले. आणि दोन, सामाजिक सुधारणेचा विचार त्यांनी मध्यमवर्गीय घरांच्या माजघरापर्यंत पोचविला. ही दोन्ही विधाने यथार्थ आहेत. परंतु त्यांच्या चरित्राकडे व लेखनाकडे एकत्रितपणे पाहिले असता एक तिसरा प्रश्न पुढे येतो, आणि तो तुलनेने कमी चर्चिला गेला आहे. आपल्याहून सर्वस्वी भिन्न असलेल्या व्यक्तीचे मन शब्दांत आणण्याचे सामर्थ्य हरिभाऊंना कोठून लाभले, आणि त्या सामर्थ्याच्या सीमा कोणत्या होत्या? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुरोधाने त्यांच्या आयुष्याचा आढावा घ्यावयाचा आहे.

१

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आईचे छत्र अगदी लहानपणीच हरपले आणि त्यांच्या पालनपोषणाचा भार काका महादेव चिमणाजी आपटे यांनी उचलला. महादेवराव मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत. त्यामुळे हरिभाऊंचे आरंभीचे शिक्षण मुंबईस झाले व १८७८ मध्ये ते पुण्यास आले. पुढे याच काकांनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह आणि ग्रंथांचे प्रकाशन हे तिचे कार्य. या संस्थेची व्यवस्था हरिभाऊंनी आयुष्यभर पाहिली.

आईवाचून वाढलेले मूल आणि पुढे त्याच्या कादंबऱ्यांतून वारंवार येणारी आई गमावलेली मुले, यांत कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह चरित्रकाराला होणे स्वाभाविक आहे. तथापि असा संबंध सरळसोट मांडणे धोक्याचे ठरते. दुःखाचा अनुभव अनेकांना येतो; त्यातून दुसऱ्याच्या मनात शिरण्याची दृष्टी थोड्यांनाच लाभते. म्हणून अनुभवाबरोबरच हरिभाऊंच्या वाङ्मयीन शिक्षणाचाही विचार करणे अगत्याचे आहे.

१८८० मध्ये स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते दाखल झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांचे सान्निध्य त्यांना तेथे मिळाले. १८८२ मध्ये विष्णुशास्त्र्यांचे अकाली निधन झाले, तेव्हा त्यांनी ‘शिष्यजनविलाप’ हे विलापकाव्य रचले. तत्कालीन संकेतांना धरून लिहिलेले ते काव्य आज मुख्यतः विद्यार्थिदशेतील रचना म्हणूनच वाचले जाईल. मात्र पुढच्याच वर्षीचे त्यांचे दुसरे लेखन आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ या नावाने केलेले रूपांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावर हरिभाऊंनी ‘निबंधचंद्रिका’ मासिकातून बहात्तर पृष्ठांचे टीकात्मक परीक्षण लिहिले. आपल्याच गुरूच्या ग्रंथाचे एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने केलेले हे परीक्षण त्या काळी कौतुकाचा विषय झाले.

‘विकार’ हा शब्द आज आपल्या कानांना रोगाशी निगडित वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र मनाच्या क्षुब्ध अवस्थांसाठी, म्हणजे आज आपण ज्यांना भावना म्हणतो त्यांच्यासाठी, तो सर्रास वापरला जाई. ‘हॅम्लेट’सारख्या नाटकाचे भाषांतर तपासताना परीक्षकाला एक गोष्ट टाळता येत नाही. पात्राचे मन ज्या भाषेत विचार करते ती भाषा दुसऱ्या समाजाच्या बोलीत कशी आणावी, हा प्रश्न त्याला ओळीओळीला भेटतो. इंग्रजी कादंबऱ्यांच्या वाचनाइतकीच ही भाषांतरपरीक्षेची तालीम हरिभाऊंच्या घडणीत महत्त्वाची मानावयास हरकत नाही.

२

डेक्कन आणि फर्ग्युसन या महाविद्यालयांत हरिभाऊ शिकले, पण गणिताच्या अडसरामुळे पदवी त्यांच्या हाती आली नाही. १८८५ मध्ये ‘पुणेवैभव’ पत्रातून ‘मधली स्थिती’ क्रमशः येऊ लागली. तिच्यामागे रेनॉल्ड्सच्या कादंबरीची प्रेरणा होती. परंतु तिच्यातील पुणे, तेथील नवशिक्षितांची व्यसने आणि जुन्यानव्याच्या कात्रीत सापडलेली कुटुंबे ही हरिभाऊंची स्वतःची होती. ‘आजकालच्या गोष्टी’ या मालेची ही पहिली कादंबरी. तिच्यातील पात्रांच्या भावना वाचकाला कळतात, पण त्या लेखकाने सांगितल्या म्हणून कळतात. निवेदक पात्राच्या बाजूला उभा राहून, त्याला राग आला, पश्चात्ताप झाला, असे नोंदवीत जातो. हलब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांतील अलंकारिक शोकवर्णनांच्या तुलनेत ही नोंद साधी व विश्वसनीय आहे. परंतु ती अद्याप बाहेरून केलेली नोंद आहे.

१८९० मध्ये हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि सुमारे सत्तावीस वर्षे ते चालविले. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्या वादंगात घरातील बायकामुलांनी वाचावे असे पत्र असावे, ही त्यामागील दृष्टी होती. याच पत्रातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली व १८९३ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. तो काळ ध्यानात घेणे आवश्यक आहे. संमतिवयाच्या विधेयकावरून पुण्यात रणधुमाळी माजली होती. मार्च १८९१ मध्ये तो कायदा झाला आणि मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर गेले. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यास आले होते. सभांतून व वृत्तपत्रांतून बालिका व विधवा यांच्याविषयी अहोरात्र बोलले जात होते. बोलणारे बहुतांशी पुरुष होते. अशा वेळी हरिभाऊंनी एका मुलीला ‘मी’ म्हणावयास लावले.

३

यमूचे आत्मनिवेदन ही केवळ प्रथमपुरुषी तंत्राची निवड नाही. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७) विधवांची दुःखे आधीच आली होती. हरिभाऊंनी नवीन काय केले असेल, तर निवेदिकेच्या ज्ञानाला मर्यादा घातली. बालपणीची यमू मोठ्यांचे बोलणे अर्धवट ऐकते आणि तेवढेच सांगते. वडिलांचा धाक, आईचे सोसणे, दादाशी होणारी भांडणे, मैत्रीण दुर्गीच्या संसाराची परवड हे सारे तिला दिसते त्याच क्रमाने आणि तेवढ्याच अंशाने वाचकापुढे येते. आई किती सोसते हे त्या मुलीला पुरते उमगत नाही. वाचकाला ते उमगते, आणि या अंतरातूनच करुणा निर्माण होते. भावनेचे नाव न घेता ती वाचकाच्या मनात उभी करण्याचा हा मार्ग मराठी गद्यात तोपर्यंत जवळजवळ अपरिचित होता.

याच निवेदनात दुसराही एक पदर आहे. जगणारी यमू मूल आहे, तर लिहिणारी यमू विधवा आहे. रघुनाथरावांनी तिला लिहावावाचावयास शिकविले, मुंबईच्या बिऱ्हाडात तिला सुखाचे दिवस दाखविले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर सासरी तिचे केशवपन झाले. हे सर्व भोगून ती मागे वळून पाहात आहे. त्यामुळे सुखाच्या प्रसंगांचे वर्णन करतानाही तिच्या शब्दांवर पुढील काळाची छाया पडते. एकाच आवाजात दोन वये नांदतात आणि वाचकाला एकाच वेळी आनंद व भय यांचा प्रत्यय येतो. लिहिण्याची विद्या तिला पतीकडून मिळाली हा तपशीलही अर्थपूर्ण आहे; तिच्या सुखाचे जे साधन, तेच पुढे तिच्या दुःखाला वाचा देते.

या पद्धतीची किंमतही हरिभाऊंना मोजावी लागली. यमूला जे दिसत नाही ते कादंबरीला दाखविता येत नाही. शंकरमामंजींसारख्या पात्राच्या मनात डोकावण्याची सोय तेथे नाही. त्यामुळे त्यांचे कपट दिसते, त्या कपटामागचे मन दिसत नाही, आणि पात्र एकरंगी होते. शिवाय दर आठवड्याला मजकूर पुरविण्याच्या निकडीमुळे पाल्हाळ वाढला आहे. काही ठिकाणी तर यमूच्या तोंडून सुधारक संपादकच बोलू लागतो. ही स्थळे टीकाकारांनी दोष म्हणून दाखविली आहेत व ते योग्यच आहे. परंतु ती खटकतात, कारण एरवी तो आवाज यमूचाच असल्याची खात्री वाचकाला पटलेली असते.

४

हा आवाज खरोखर कोणाचा, हा प्रश्न आजच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही. स्त्रीचे मन पुरुषाने सांगावे यात सहानुभूती आहे, तसेच अधिग्रहणही आहे. या संदर्भात काशीबाई कानिटकर (१८६१-१९४८) यांचे नाव विसरून चालणार नाही. विवाहानंतर शिकलेल्या, ‘रंगराव’ ही कादंबरी व डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिणाऱ्या काशीबाई आणि त्यांचे पती गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी हरिभाऊंचा घनिष्ठ स्नेह होता. काशीबाईंशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. स्त्री-पुरुषांतील वाङ्मयीन मैत्रीकडे संशयाने पाहणाऱ्या त्या काळात एका लेखिकेशी बरोबरीच्या नात्याने होणारा विचारविनिमय हरिभाऊंना लाभला. यमूच्या मनाचा शोध एकट्या पुरुषाच्या कल्पनेतून लागला, असे मानण्यापूर्वी ही वस्तुस्थिती लक्षात घेतली पाहिजे.

दुसरीही एक बाब आहे. संत बहिणाबाईंच्या अभंगरूप आत्मनिवेदनाची परंपरा होती, आणि ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) या पुस्तिकेत स्त्रीचा संताप प्रखरपणे व्यक्त झाला होता. परंतु स्त्रीने गद्यात लिहिलेली आत्मचरित्रे नंतरची आहेत. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० मध्ये, पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ मध्ये, तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘स्मृतिचित्रे’ यमूच्या कथनाशेजारी ठेवून वाचली, की एक फरक जाणवतो. लक्ष्मीबाई आपल्या हालअपेष्टा हसत सांगतात. सोवळ्याओवळ्याच्या जाचातही त्यांना विनोद दिसतो. यमूच्या वाट्याला असा विनोद फारसा आलेला नाही. हरिभाऊंनी तिचे सोसणे जाणले, पण सोसणाऱ्या माणसाजवळ जी एक खट्याळ ताकद शिल्लक असते ती त्यांच्या हाती क्वचितच लागली. परमनप्रवेशाची त्यांची सीमा येथे दिसते.

५

ही सीमा हरिभाऊंनाही जाणवली असावी काय? ‘मी’ (१८९३-९५) या कादंबरीची रचना तसे सुचविते. येथेही आत्मनिवेदनच आहे, पण निवेदक भावानंद हा पुरुष आहे. त्याच्या बहिणीचे, ताईचे दुःख तो पाहतो. तिच्या मनाची वाट मात्र त्याला तिच्या वागण्यातून व मौनातून शोधावी लागते. दुसऱ्याचे मन पूर्णपणे कळत नाही, ही कबुली येथे रचनेतच अंतर्भूत झाली आहे. ‘यशवंतराव खरे’ आणि ‘उषःकाल’ यांत हरिभाऊ पुन्हा सर्वज्ञ निवेदनाकडे वळले. ऐतिहासिक कादंबरीच्या विस्तृत पटासाठी ते सोयीचे होते. मात्र मनाचा तो जवळचा स्पर्श तेथे विरळ झाला. दुष्काळावरील ‘काळ तर मोठा कठीण आला’ या कथेत पांढरपेशा पेठांच्या बाहेर जाऊन उपाशी खेडुताचे मन पाहण्याचा त्यांनी केलेला प्रयत्न म्हणूनच उल्लेखनीय ठरतो.

उत्तरायुष्यात हरिभाऊंच्या वाट्याला मानमान्यता आली. पुणे नगरपालिकेच्या कारभारात त्यांनी भाग घेतला, १९१२ मध्ये अकोला येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, आणि १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेत मराठीच्या उगमाविषयी व विकासाविषयी व्याख्याने दिली. ज्याला विद्यापीठाची पदवी मिळाली नव्हती त्याला विद्यापीठाने व्याख्यानासाठी पाचारण केले. याच काळात चालू असलेली ‘कर्मयोग’ ही कादंबरी अपूर्ण राहिली. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण व्हावयास अवघे पाच दिवस उरले होते.

हरिभाऊंनंतर मराठी कादंबरीने मनोविश्लेषण आणि संज्ञाप्रवाह यांचे प्रयोग केले आणि पात्राच्या मनाचे अनेक थर उलगडले. त्या तुलनेत यमूचे निवेदन साधे वाटेल. परंतु पात्राला काय कळते आणि काय कळत नाही, हे ठरविल्याखेरीज त्याची भावना खरी होत नाही, हा धडा मराठीत प्रथम तिच्याच कथनाने घालून दिला. हरिभाऊ जेथे ही मर्यादा पाळतात तेथे यमू बोलते. जेथे ते ती ओलांडतात तेथे त्यांची तळमळ ऐकू येते, पण यमू गप्प होते. त्यांच्या कादंबऱ्या सुधारणेचे दस्तऐवज म्हणून अनेकदा वाचल्या गेल्या आहेत. आता या दोन आवाजांतील सीमारेषा प्रकरणाप्रकरणांतून तपासून पाहणे, हे अभ्यासकांपुढील काम आहे.