पंडिता रमाबाईंचे उघडे दार

अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची प्रथा सर्वश्रुत आहे. तिच्यावरून आम्हांस आठवते ते पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या खोलीचे उघडे दार.

विधवेचे केस, वस्त्र, अन्न सारे इतरच ठरवीत, त्या काळी, ११ मार्च १८८९ रोजी, रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. त्या स्वतः १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. तरीही सदनातील मुलींना आपापला धर्म व सोवळेओवळे पाळण्याची मोकळीक होती. आश्रय दिला म्हणून आश्रितेचे मन गहाण ठेवून घ्यावे, असे तेथे नव्हते. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांनी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला.

रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली आपण होऊन येऊन बसत. बोलावणे नव्हते, मज्जावही नव्हता. यावरून पुण्यात वादळ उठले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी अनेक मुली घरी नेल्या. टीकाकारांची शंका अगदीच निराधार होती, असे आम्ही म्हणणार नाही. जिच्या आश्रयास राहावे, तिचा प्रभाव पडतोच. रमाबाईंनी मात्र दार लावून घेतले नाही.