इरावतीबाई कर्वे आणि बर्लिनच्या कवट्या



गेल्या रविवारी मिस्सानंतर एका तरुणाने आम्हाला विचारले, हिटलरच्या काळात यहुद्यांचा छळ चालला होता हे जर्मनीतल्या साध्यासुध्या लोकांना ठाऊक नव्हते का? उत्तर देताना आम्हाला आठवण झाली ती इरावतीबाई कर्वे यांची.

त्यांचा जन्म 1905 साली ब्रह्मदेशात झाला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले. शिक्षण पुण्याला, हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात. पदवी तत्त्वज्ञानाची (सेमिनरीत आमचाही विषय तोच, म्हणून मुद्दाम सांगतो!). महर्षी कर्वे यांच्या त्या सून. सासऱ्यांना पसंत नसतानाही, पतीच्या पाठिंब्याने त्या पुढील शिक्षणासाठी बर्लिनला गेल्या. हिटलर तेव्हा सत्तेवर आलेला नव्हता.

तिथे त्यांचे मार्गदर्शक होते प्राध्यापक ऑयगेन फिशर. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू कमीजास्त असतात आणि त्यावरून त्याची बुद्धी श्रेष्ठ ठरते, असे त्यांचे मत. ते सिद्ध करण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी 149 कवट्या मोजल्या. वंशावरून तसा फरक कुठेच दिसेना. प्रबंधात त्यांनी तेच लिहिले. परका देश, पदवी गुरूच्या हातात, तरीही! गुण कमी मिळाले, पदवी मात्र मिळाली.

हेच फिशर 1933 साली बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. 1935 च्या कायद्यांनी यहुद्यांचे नागरिकत्व गेले. कोणाचा वंश कोणता, याचे दाखले फिशर यांची संस्था देऊ लागली. 1938 च्या नोव्हेंबरात सभास्थाने भररस्त्यात जळाली. 1941 च्या ऑक्टोबरपासून बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्थानकातून यहुद्यांना भरून गाड्या सुटू लागल्या. त्यांच्या घरची कपाटे, भांडीकुंडी लिलावात निघाली. शेजारीपाजारी ती विकत घेऊन गेले. विषारी वायूच्या कोठड्यांचा तपशील सर्वांना माहीत नव्हता, हे खरे. विचारणे धोक्याचे होते. पण पुष्कळांना न विचारणे सोयीचेही होते, असे आम्हाला वाटते.

इरावतीबाई 1930 च्या सुमारास परतल्या. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे शिकवले. माणसांची मोजमापे घेणे त्यांनी इथेही सोडले नाही, जातीजातींची घेतली. हे आम्हाला थोडे खटकते. ‘युगान्त’ला 1968 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 1970 साली त्यांचे निधन झाले.

त्या एकदा पंढरीच्या वारीला पायी गेल्या होत्या. एकाच दिंडीत ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी. ते पाहून त्यांना रोज वाईट वाटे. मग त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या, आणि त्या बायका त्यांच्याशी अधिक मोकळेपणाने बोलू लागल्या.