लंडन-पॅरिस आज सव्वा तासाचं अंतर, पण भगूरच्या सावरकरांना ते पन्नास वर्षांच्या शिक्षेपर्यंत घेऊन गेलं

लंडन ते पॅरिस हे सरळ रेषेतलं अंतर साधारण 340 किलोमीटर. आज विमानाने सव्वा तास लागतो. 1910 साली मात्र ही सोय नव्हती. ब्लेरिओने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, त्याला वर्षही झालं नव्हतं. रेल्वेने किनारा गाठायचा, बोटीने खाडी ओलांडायची आणि पलीकडे पुन्हा रेल्वे पकडायची, असा तो प्रवास होता.

याच वाटेने 13 मार्च 1910 ला पॅरिसहून आलेला एक तरुण लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर उतरला आणि तिथेच पकडला गेला. ते होते विनायक दामोदर सावरकर.

28 मे 1883 ला नाशिकजवळच्या भगूरमध्ये त्यांचा जन्म झाला. शाळा नाशिकची, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. 1906 मध्ये ते बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले आणि इंडिया हाऊसमध्ये राहून क्रांतिकारकांचं जाळं विणू लागले.

इकडे जून 1909 मध्ये थोरले बंधू बाबाराव यांना जन्मठेप झाली. 21 डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ते पिस्तूल लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्यांपैकी होतं, असा सरकारचा आरोप होता. नाशिकमध्ये धरपकड सुरू झाली. जानेवारी 1910 मध्ये सावरकर पॅरिसला मादाम कामांकडे गेले.

आता खरा मुद्दा. पॅरिसमध्ये फ्रेंच कायदा चालायचा. इंग्रजांचं वॉरंट खाडीच्या अलीकडेच थांबायचं. परत जाऊ नका, असं सहकारी सांगत होते. तरीही सावरकर निघाले. खाडी ओलांडली आणि कायदा बदलला.

त्यांना भारतात पाठवायचं ठरलं. 1 जुलैला 'मोरिया' बोट निघाली. 8 जुलैला मार्सेय बंदरात त्यांनी बोटीच्या खिडकीतून समुद्रात उडी मारली आणि पोहत फ्रान्सची जमीन गाठली. जी सीमा मार्चमध्ये ओलांडून ते इंग्रजांच्या हद्दीत आले होते, तीच आता उलट दिशेने ओलांडली होती. पण फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून पुन्हा बोटीवर दिलं.

प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेलं. फेब्रुवारी 1911 मध्ये निकाल लागला. ताबा देण्यात अनियमितता झाली, पण ब्रिटनने कैदी परत करण्याची गरज नाही, असं लवादाने ठरवलं.

तोवर भारतात त्यांना दोन जन्मठेपा, म्हणजे 50 वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. 1911 ते 1921 अंदमान. तिथून त्यांनी सुटकेसाठी अर्जही केले. 1924 मध्ये सुटका झाली, पण रत्नागिरीत 1937 पर्यंत स्थानबद्धता होती. पुढे ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. गांधीहत्येच्या खटल्यात आरोपी होते, 1949 मध्ये निर्दोष सुटले. 26 फेब्रुवारी 1966 ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

पॅरिसहून लंडनला जाताना ओलांडलेल्या एका सीमेने त्यांची पुढची 27 वर्षं कैदेत आणि नजरकैदेत घातली.