रेव्हरंड टिळक : टोमण्यांच्या पलीकडचा आनंद

टिळक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लोकमान्यच येतात. हे टिळक दुसरे. नारायण वामन टिळक. 'केवढे हे क्रौर्य' ही कविता त्यांची. जखमी होऊनही पिल्लांसाठी घरट्याकडे निघालेली ती पक्षीण शाळेत भेटली असेल तर आठवेलच. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठीला आठवड्याचे मोजके तास, त्यामुळे मला हे टिळक भेटले ते पुढे, लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मधून.

१८६१ सालचा जन्म, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचा पक्का अभ्यास, शीघ्रकवी, आणि डोकं अतिशय गरम. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना ट्रेनमध्ये एक युरोपियन गृहस्थ भेटले. कवितेवर गप्पा झाल्या, उतरताना त्यांनी बायबल हातात ठेवलं. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही सांगून टाकलं! टिळकांनी त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही. पण पुस्तक वाचलं, आणि ख्रिस्ताच्या गिरिप्रवचनापाशी ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मग जे व्हायचं तेच झालं. ख्रिस्ती होणारा माणूस म्हणजे त्या काळी 'बाटगा'. पोटासाठी धर्म सोडला, साहेबाचा मिंधा झाला, असे टोमणे ठरलेले. पण बाहेरचे टोमणे एक वेळ परवडले. इथे घरच उठलं. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या, ते चार-पाच वर्षं. टिळक अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) एकटे. हॉस्टेलवर पहिल्या सेमिस्टरला घरच्या आठवणीने आपली काय हालत होते ते आठवा, आणि इथे तर घर परत मिळेल याचीही गॅरंटी नव्हती.

अशा वेळी माणूस कडवट होतो. मला टिळकांचं विशेष वाटतं ते हे, की त्यांनी जुन्या घरावर सूड उगवला नाही. लोक म्हणत होते हा परका झाला. हे मात्र ख्रिस्तावर अभंग लिहीत होते, चक्क टाळ-मृदंगावर कीर्तनं करत होते! तुकोबांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणून सोडलं, असं ते मानत. देशभक्तीच्या कविता लिहायचंही त्यांनी थांबवलं नाही. चर्चमध्ये इंग्रजी चालीवरची भाषांतरित गाणी असायची, तिथे त्यांची भजनं आली. महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये ती आजही म्हणतात. गाण्यात रमलेल्या माणसाला टोमणे ऐकायला वेळ कुठून मिळणार? (अर्थात ते काही शांत साधुपुरुष नव्हते. चिडायचे भरपूर, आणि घरखर्चाचे पैसे भलतीकडेच उडवायचे. लक्ष्मीबाईंनी सगळं लिहून ठेवलंय, तेही हसत हसत.)

लक्ष्मीबाई परत आल्या, पण सोवळं घेऊनच. एकाच नवरा-बायकोचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. ज्याच्या घरातच त्याचं पाणी चालत नाही त्याने काय करावं? टिळकांनी धर्माची जबरदस्ती केली नाही. जातपात माणसाने केली, देवाने नाही, हे लक्ष्मीबाईंना त्यांचं त्यांनाच उमगलं आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे या घरात अनाथ पोरं आली, पाहुणे आले. बालकवी ठोंबरे तर मुलासारखेच राहिले.

टिळकांनी 'ज्ञानोदय'चं संपादन केलं, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांचा हा मेळा. ९ मे १९१९ ला ते मुंबईत गेले. ख्रिस्ताच्या चरित्रावरचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अकराव्या अध्यायाच्या आसपास थांबलं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. शाळेत न गेलेल्या, एके काळी नवऱ्याच्या हातचं पाणीही न पिणाऱ्या बाईंनी साठाहून जास्त अध्याय लिहिले. शेवटचा तेवढा दत्तूने पुरा केला.