जोसेफ डाल्टन हूकर

सर जोसेफ डाल्टन हूकर (३० जून, १८१७ - १० डिसेंबर, १९११) हे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ व समन्वेषक होते. १८६५ ते १८८५ या काळात ते लंडनजवळील क्यू येथील रॉयल बोटॅनिक गार्डन्सचे संचालक, तर १८७३ ते १८७८ या काळात रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. वनस्पतींचे वर्गीकरण आणि त्यांचे भौगोलिक वितरण हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय होत. चार्ल्स डार्विन यांचे ते निकटचे मित्र होते. १८४३ पासून डार्विन यांच्या मृत्यूपर्यंत या दोघांमध्ये झालेल्या पत्रव्यवहारातील सुमारे १,४०० पत्रे उपलब्ध आहेत. नैसर्गिक निवडीच्या सिद्धान्ताची जडणघडण समजून घेण्यासाठी ही पत्रे महत्त्वाचे साधन मानली जातात.

बालपण व शिक्षण

हूकर यांचा जन्म इंग्लंडमधील सफोक परगण्यात हेल्सवर्थ येथे झाला. त्यांचे वडील विल्यम जॅक्सन हूकर हे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८२० मध्ये त्यांची ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक म्हणून नेमणूक झाल्याने जोसेफ यांचे बालपण व शिक्षण ग्लासगो येथेच झाले. १८३९ मध्ये त्यांनी वैद्यकशास्त्राची पदवी मिळवली. त्याच वर्षी जेम्स क्लार्क रॉस यांच्या नेतृत्वाखालील दक्षिण ध्रुवीय मोहिमेत एरेबस या जहाजावर साहाय्यक शल्यचिकित्सक म्हणून ते रुजू झाले. चार वर्षांच्या या प्रवासात त्यांनी केर्गेलेन, टास्मानिया, न्यूझीलंड, फॉकलंड इत्यादी बेटांवरील वनस्पतींचे नमुने गोळा केले. परस्परांपासून हजारो मैल दूर असलेल्या बेटांवर सारख्याच वनस्पती कशा आढळतात, हा प्रश्न याच प्रवासात त्यांच्यापुढे उभा राहिला.

डार्विन यांच्याशी पत्रव्यवहार

सप्टेंबर १८४३ मध्ये हूकर मायदेशी परतले आणि वर्षअखेरीस डार्विन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. गॅलापागोस बेटांवर डार्विन यांनी गोळा केलेल्या वनस्पती केंब्रिजचे प्राध्यापक जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो यांच्याकडे अभ्यासाविना पडून होत्या. त्या हूकर यांच्या स्वाधीन करण्यात आल्या. त्यांपैकी अनेक जाती केवळ एकेका बेटापुरत्याच मर्यादित आहेत, असे हूकर यांना आढळले. डार्विन यांच्या विचारांना या निष्कर्षाने भक्कम आधार मिळाला.

११ जानेवारी, १८४४ रोजी लिहिलेल्या पत्रात डार्विन यांनी, एखादा गुन्हा कबूल करावा अशा संकोचाने, सजीवांच्या जाती अपरिवर्तनीय नाहीत असे आपले मत बनत चालल्याचे हूकर यांना कळवले. तत्कालीन इंग्लंडमध्ये हे मत धर्मविरोधी व समाजविघातक समजले जाई आणि ते उघड झाल्यास डार्विन यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसण्याची शक्यता होती. त्या वेळी हूकर २६ वर्षांचे होते आणि दोघांचा परिचयही नवा होता. हूकर यांनी या मताला लगेच मान्यता दिली नाही, मात्र त्याचा अव्हेरही केला नाही. जाती कशा बदलत असाव्यात हे ऐकण्यास आपण उत्सुक आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी पाठवले आणि हे गुपित जपले. डार्विन यांनी १८४४ मध्ये लिहिलेला सिद्धान्ताचा विस्तृत आराखडा १८४७ मध्ये हूकर यांनी वाचला व त्यावर टिपणे काढली.

१८४० मध्ये ब्रिटनमध्ये एक पेनीची समान टपाल दरपद्धती सुरू झाली होती. अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र एका पेनीत देशभर कोठेही पोहोचत असल्याने, प्रकृतीच्या तक्रारींमुळे क्वचितच घराबाहेर पडणाऱ्या डार्विन यांना केंटमधील डाऊन या गावातून टपालाद्वारे माहिती मिळवणे सुलभ झाले. बियाणे, वाळवलेले नमुने, हस्तलिखिते आणि शंका या सर्वांची देवाणघेवाण टपालाने होत असे. या पत्रांत मतभेदही मोकळेपणाने मांडले जात. एकाच प्रकारच्या वनस्पती असलेले दूरदूरचे भूभाग पूर्वी जमिनीने जोडलेले असावेत, असे हूकर यांना वाटे. बिया समुद्रप्रवाह व पक्षी यांच्यामार्फत दूर जात असाव्यात, असे डार्विन यांचे म्हणणे होते. ते पडताळण्यासाठी १८५५ मध्ये डार्विन यांनी निरनिराळ्या बिया खाऱ्या पाण्यात भिजत ठेवून नंतर त्या रुजतात का हे पाहिले आणि निष्कर्ष हूकर यांना कळवले. अनेक जातींचा स्वतः बारकाईने अभ्यास केलेल्यानेच जातींच्या प्रश्नावर बोलावे, हे हूकर यांचे मत डार्विन यांनी मनावर घेतले होते. १८४६ पासून आठ वर्षे त्यांनी बार्नेकल या सागरी प्राण्यांचा अभ्यास केला, त्यामागे हेही एक कारण होते.

भारतातील प्रवास

१८४८ च्या जानेवारीत हूकर कोलकात्यास पोहोचले. पुढील तीन वर्षांत त्यांनी बंगाल, सिक्कीम, पूर्व नेपाळ व खासी टेकड्या या प्रदेशांत भ्रमंती केली. दार्जिलिंग येथे ते ब्रायन हॉजसन यांच्याकडे राहत असत. नोव्हेंबर १८४९ मध्ये सिक्कीमच्या दिवाणाच्या माणसांनी दार्जिलिंगचे अधीक्षक आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांना पकडले. हूकर त्यांच्यासोबतच राहिले आणि दोघांची सुटका डिसेंबरअखेर झाली. या घटनेनंतर ब्रिटिशांनी सिक्कीमचा दक्षिणेकडील प्रदेश आपल्या ताब्यात घेतला. या प्रवासाचे वर्णन करणारा हिमालयन जर्नल्स हा दोन खंडांचा ग्रंथ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो डार्विन यांना अर्पण केलेला आहे.

१८५८ मधील पेच

जून १८५८ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी मलाय द्वीपसमूहातून पाठवलेला निबंध डार्विन यांना मिळाला. डार्विन ज्या सिद्धान्तावर वीस वर्षे काम करीत होते, तोच त्यात स्वतंत्रपणे मांडलेला होता. याच सुमारास डार्विन यांचे धाकटे बाळ लोहितांग ज्वराने आजारी पडून २८ जून रोजी मरण पावले. अशा मनःस्थितीत त्यांनी हा प्रश्न हूकर व भूवैज्ञानिक चार्ल्स लायल यांच्यावर सोपवला.

डार्विन यांचा सिद्धान्त आधीपासूनचा आहे, हे सिद्ध करण्यास त्यांचे कोणतेही प्रकाशन नव्हते. पुरावा होता तो हूकर यांनी वाचलेला १८४४ चा आराखडा आणि सप्टेंबर १८५७ मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्राची प्रत. या दोहोंतील उतारे वॉलेस यांच्या निबंधासह १ जुलै, १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचण्यात आले. वॉलेस हजारो मैल दूर असल्याने त्यांची संमती घेतली गेली नव्हती आणि याबद्दल पुढील काळात अभ्यासकांनी प्रश्न उपस्थित केले आहेत. स्वतः वॉलेस यांनी मात्र ही वार्ता कळल्यावर पत्राद्वारे समाधान व्यक्त केले.

डिसेंबर १८५९ मध्ये टास्मानियाच्या वनस्पतींवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत हूकर यांनी या सिद्धान्ताला जाहीर पाठिंबा दिला. ३० जून, १८६० रोजी ऑक्सफर्ड येथे बिशप सॅम्युएल विल्बरफोर्स यांनी केलेल्या टीकेला टॉमस हेन्री हक्सली यांच्याबरोबर हूकर यांनीही उत्तर दिले. आजारपणामुळे डार्विन या सभेला उपस्थित नव्हते. हूकर यांनी सभेचा वृत्तान्त त्यांना पत्रातून कळवला.

कौटुंबिक जीवन

१८५१ मध्ये हूकर यांचा विवाह प्राध्यापक हेन्स्लो यांची कन्या फ्रान्सेस हिच्याशी झाला. सप्टेंबर १८६३ मध्ये त्यांची सहा वर्षांची मुलगी मारिया मरण पावली. तिच्या मृत्यूनंतर तासाभरातच हूकर यांनी डार्विन यांना पत्र लिहिले. डार्विन यांनीही १८५१ मध्ये आपली दहा वर्षांची मुलगी अ‍ॅनी गमावली होती. १८७४ मध्ये फ्रान्सेस यांचे निधन झाले. १८७६ मध्ये हूकर यांनी हायसिंथ जार्डिन यांच्याशी विवाह केला.

कार्य व वारसा

जॉर्ज बेंथम यांच्यासमवेत हूकर यांनी जेनेरा प्लँटॅरम (१८६२-१८८३) हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील बेंथम-हूकर वर्गीकरण पद्धती महाराष्ट्रासह भारतातील अनेक विद्यापीठांत शिकवली जाते. फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया (१८७२-१८९७) हा त्यांचा सात खंडांचा ग्रंथ भारतीय वनस्पतींच्या अभ्यासाचा पाया ठरला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी निवृत्तीनंतर क्यू येथे राहून मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा आपला ग्रंथ (१९०१-१९०८) तयार केला. हूकर यांच्या काळात क्यू हे साम्राज्याच्या शेतीचेही केंद्र होते. ब्राझीलमधून आणलेल्या रबराच्या बिया १८७६ मध्ये तेथे रुजवून रोपे श्रीलंकेस पाठवण्यात आली.

एप्रिल १८८२ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे येथे डार्विन यांच्या शवपेटिकेला खांदा देणाऱ्या मान्यवरांत हूकर यांचा समावेश होता. १८८७ मध्ये त्यांना कॉप्ली पदक मिळाले. वयाच्या ९४ व्या वर्षी सनिंगडेल येथे त्यांचे निधन झाले. क्यू येथील सेंट अ‍ॅन चर्चच्या आवारात वडिलांच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले. डार्विन यांच्या १५,००० हून अधिक पत्रांचा ३० खंडांचा संग्रह केंब्रिज विद्यापीठाच्या वतीने १९८५ ते २०२३ या काळात प्रकाशित झाला असून त्यात हूकर यांच्याशी झालेला पत्रव्यवहार समाविष्ट आहे.