पाणी ओसरल्यानंतरचे काम : सदाशिव गोविंद बर्वे यांचे जीवन



आषाढ लागला की कोलाड, रोहे आणि नागोठणे परिसरातील लोकांचे लक्ष आभाळाइतकेच नदीकडे असते. जिल्हा प्रशासनाच्या पावसाळी पत्रकात अंबा, कुंडलिका, सावित्री या नद्यांची इशारा पातळी आणि धोका पातळी दिलेली असते आणि घरोघरी ती वाचली जाते. जुलै 1989 मध्ये अंबा नदीने जांभूळपाडा आणि नागोठणे परिसरात केलेला विध्वंस अजून स्मरणात आहे. जुलै 2005 आणि जुलै 2021 मध्ये महाड परिसराने पूर आणि कोसळणाऱ्या दरडी असे दुहेरी संकट सोसले. कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, त्या रेवदंड्याच्या खाडीपाशी कोर्लईची आमची ख्रिस्ती वस्ती आपली जुनी बोली जपून राहिली आहे. म्हणजे उगमापासून मुखापर्यंत ही नदी आपलीच आहे.

पूर आला की मदतीचा ओघ सुरू होतो. धान्य येते, कपडे येतात, तरुण धावून जातात. पंधरा दिवसांनी मदतीच्या गाड्या थांबतात आणि उघड्यावर पडलेले कुटुंब तिथेच राहते. त्या सोळाव्या दिवसापासून काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला एका कर्तबगार मराठी प्रशासकाचे जीवन आठवते. त्यांचे नाव सदाशिव गोविंद बर्वे. स. गो. बर्वे म्हणून ते महाराष्ट्राला परिचित आहेत.

बर्वे यांचा जन्म 27 एप्रिल 1914 रोजी तासगाव येथे झाला. तासगाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. पुणे आणि केंब्रिज येथे शिक्षण घेऊन ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. इंग्रजी अमदानीत सुरू झालेली त्यांची सेवा स्वतंत्र भारतात बहरली. पुणे महानगरपालिकेची स्थापना 15 फेब्रुवारी 1950 रोजी झाली. त्या स्थित्यंतराच्या काळात शहराच्या कारभाराची धुरा बर्वे यांच्याकडे होती. पुण्याच्या पेठा, रस्ते, पाणीपुरवठा आणि माणसे यांची त्यांना जवळून ओळख झाली ती याच काळात. पुढे या ओळखीचे मोल फार मोठे ठरले.

बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने 1955 मध्ये राजभाषा आयोग नेमला. बर्वे त्याचे सचिव होते. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य निर्माण झाले. नव्या राज्याने आपल्या नद्यांचा आणि शेतीच्या पाण्याचा विचार करण्यासाठी पाटबंधारे आयोग नेमला, त्याचे अध्यक्षपद बर्वे यांना मिळाले. तो आयोग आजही बर्वे आयोग याच नावाने ओळखला जातो आणि त्याचा अहवाल 1962 मध्ये सादर झाला. धरणांविषयीचे हे चिंतन चालू असतानाच एक धरण फुटले.

कोलाडहून ताम्हिणी घाट चढून वर गेले की मुळशीचा जलाशय लागतो. तेथील पाणी 1927 पासून भिऱ्याच्या वीजगृहात उतरते आणि कुंडलिकेला मिळते. म्हणूनच आपली नदी उन्हाळ्यातही वाहती असते. त्याच घाटमाथ्यावर, मुळशीच्या दक्षिणेकडील खोऱ्यांत, अंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. बांधकाम पुरे होण्याआधीच 1961 च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. बांध खचू लागला. 11 जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून तो सावरण्याची शर्थ केली. 12 जुलैच्या सकाळी तो फुटला. रात्रभराच्या त्या श्रमांमुळे पाणी अंधारात न येता दिवसाउजेडी आले आणि असंख्य माणसे जीव वाचवून पळू शकली, हे विसरता कामा नये.

पानशेतच्या लोंढ्याने खालच्या बाजूचे खडकवासला धरणही फोडले. मुठेचे पाणी डेक्कन जिमखाना, नारायण, शनिवार, कसबा अशा नदीकाठच्या भागांत शिरले. लकडी पूल बुडाला. मातीचे वाडे ढासळले. रात्रीपर्यंत पाणी उतरले आणि मागे चिखल, मेलेली जनावरे आणि बेघर माणसे राहिली. त्यात आणखी एक विपरीत गोष्ट घडली. पुण्याला पिण्याचे पाणी खडकवासल्याहून येई आणि ते धरणच नाहीसे झाले होते. पुरात बुडालेले शहर दुसऱ्या दिवशी प्यायच्या पाण्यासाठी वणवण करू लागले. वाड्यांतील जुन्या, विसरलेल्या विहिरी पुन्हा उपसल्या गेल्या.

यशवंतराव चव्हाण त्या वेळी मुख्यमंत्री होते. शासनाने शहर सावरण्याची जबाबदारी बर्वे यांच्यावर सोपवली. शहराची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस संकटाच्या वेळी तिथे पाठवणे, ही निवडच अर्धे यश होती. कोणती गल्ली कुठे उतरते, कोणत्या वाड्यात किती बिऱ्हाडे असतात, मोकळी जमीन कोणत्या बाजूला आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

पुढचे काम तीन पदरी होते. पहिला पदर म्हणजे जगण्याची सोय : पाणी, धान्य, निवारा, साफसफाई आणि रोगराईला आळा. दुसरा म्हणजे नोंद : कोणाचे काय गेले, कोण मालक, कोण भाडेकरू, कोणाचे दुकान आणि कोणाची अवजारे. तिसरा पदर सर्वांत कठीण, तो म्हणजे कायमचे घर. विद्यार्थी, स्वयंसेवी संस्था, जवान आणि सरकारी नोकर यांचे हात एकत्र आले. नदीपासून दूर गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशा भागांत पूरग्रस्तांना आसरा मिळाला आणि पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्था उभ्या राहिल्या. वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबे माळावरच्या नव्या वसाहतीत गेली. पुण्याची घडी बसली, पण जुने शेजार तुटले, हेही खरे आहे. त्या जागांच्या मालकी हक्काचा प्रश्न तर पुढे अनेक दशके शासनदरबारी रेंगाळत राहिला. पुराचे पाणी एका दिवसात ओसरते. त्याचे कागद मात्र नातवंडांच्या हाती येतात.

या कामाने बर्वे लोकांच्या मनात घर करून राहिले. सनदी सेवा सोडून ते सार्वजनिक जीवनात उतरले आणि 1962 च्या निवडणुकीत पुण्याच्या शिवाजीनगर मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. राज्य मंत्रिमंडळात त्यांनी अर्थ आणि उद्योग यांसारखी महत्त्वाची खाती सांभाळली. पुढे ते केंद्रीय नियोजन मंडळाचे सदस्य झाले. चांगला कारभार कसा असावा, या विषयावर त्यांनी ग्रंथलेखनही केले. 1967 च्या लोकसभा निवडणुकीत ईशान्य मुंबईतून त्यांनी व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यासारख्या मातब्बर नेत्याचा पराभव केला. परंतु त्या विजयाचे कार्य त्यांच्या हातून घडायचे नव्हते. 6 मार्च 1967 रोजी, वयाच्या 53 व्या वर्षात, त्यांचे आकस्मिक निधन झाले. त्यांच्या जागी झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे निवडून आल्या. पुण्यात शिवाजीनगरजवळचा एक चौक आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्या चौकातून जाणाऱ्या कितीजणांना हे नाव कोणाचे ते ठाऊक असेल?

बर्वे यांच्याकडे शासनाची सत्ता होती. आपल्या वाड्यावस्त्यांकडे ती नाही. तरीही त्यांचे यश ज्यावर उभे होते, ती गोष्ट आपल्या आवाक्यातली आहे असे आम्हाला वाटते. ती म्हणजे संकटापूर्वीची ओळख. नदीकाठच्या कोणत्या घरात एकटी वृद्ध माणसे राहतात, कोण अंथरुणाला खिळलेले आहे, कोणाच्या घराचा उतारा नावावर झालेला नाही, कोण भाड्याने राहतो, कोणती विहीर वापरात आणता येईल, उंचावरील कोणती शाळा रात्री उघडता येईल, ही यादी ज्येष्ठ महिन्यात तयार असायला हवी. श्रावणात ती करायला बसलो तर उशीर झालेला असतो. विशेषतः भाडेकरू, आदिवासी वाडीतील कुटुंबे आणि वीटभट्टीवरील मजूर यांची नावे कोणत्याच कागदावर नसतात. मदतीच्या रांगेतही ती म्हणूनच शेवटी राहतात.

प्रत्येक धर्मग्रामाने, धर्म न पाहता, आपल्या परिसराची अशी एक वही ठेवावी आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ती तपासावी, अशी आमची विनंती आहे. पूर ओसरल्यावर ती वही मिटू नये. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा उघडून कोण आपल्या घरी परतले आणि कोण अजून परतले नाही, हे पाहावे. शेवटचे नाव घरी पोहोचेपर्यंत आपले काम संपलेले नसते.