अँजेलिका कॉफमन : सूर की रंग?

विद्यार्थी मित्रांनो, दोन गोष्टी सारख्याच आवडतात आणि निवडायची मात्र एकच, असं तुमचं कधी झालंय का? आज आपण ज्या चित्रकर्तीची ओळख करून घेणार आहोत, तिच्यापुढे हाच पेच होता.

अँजेलिका कॉफमन हिचा जन्म ३० ऑक्टोबर १७४१ रोजी स्वित्झर्लंडमधील कूर येथे झाला. वडील चित्रकार. त्यांनीच तिला चित्रकला शिकवली. पण तिचा गळाही गोड होता. बाराव्या वर्षी, म्हणजे १७५३ मध्ये तिने स्वतःचं चित्र काढलं. त्यात तिच्या हातात कुंचला नाही बरं का, गाण्याच्या स्वरलिपीचा कागद आहे! पुढे एका धर्मगुरूच्या सल्ल्याने तिने गायिका होण्याचा विचार सोडला, असे सांगतात.

नंतर ती रोमला गेली. प्राचीन ग्रीक-रोमन कलेतला साधेपणा परत आणणारी नवअभिजात शैली तेव्हा तिथे घडत होती. १७६६ मध्ये ती लंडनला आली आणि दोनच वर्षांत रॉयल अकॅडमीची संस्थापक सदस्य झाली. संस्थापकांत स्त्रिया फक्त दोन : अँजेलिका आणि मेरी मोझर.

पण मान मिळाला म्हणून दार उघडलं, असं नाही. झोफनी या चित्रकाराने अकॅडमीच्या सदस्यांचं चित्र काढलं. मॉडेलभोवती सगळे पुरुष जमलेले आहेत. आणि या दोघी? भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत! मॉडेलच्या वर्गात स्त्रियांना प्रवेशच नव्हता.

पन्नाशी ओलांडल्यावर, १७९४ मध्ये अँजेलिकाने आपला जुना पेच रंगवला. मध्ये पांढऱ्या वेषातली ती स्वतः. एका बाजूला संगीत स्त्रीरूपात बसलंय, त्याने तिचा हात घट्ट धरलाय. दुसऱ्या बाजूला चित्रकला दूरच्या डोंगरावरचं मंदिर दाखवतेय. दोन वाटांवर उभा हर्क्युलीस हा ग्रीक कथेतला विषय. त्या वीराच्या जागी तिने स्वतःला उभं केलं! नीट बघा : तिचा एक हात चित्रकलेकडे वळलाय, पण नजर अजून संगीताकडेच आहे.

५ नोव्हेंबर १८०७ रोजी रोममध्ये तिचे निधन झाले. शिल्पकार कानोव्हा याने अंत्ययात्रेची व्यवस्था पाहिली. यात्रेत तिची दोन चित्रेही मिरवत नेली.

मित्रांनो, एक वाट निवडली म्हणून दुसरीवरचं प्रेम संपत नाही. तुमची दुसरी वाट कोणती?